दर्याचा राखणदार : सरखेल कान्होजी आंग्रे

आमच्या शाळेच्या हिस्ट्रीच्या पुस्तकात कान्होजी आंग्रे यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या होत्या. पुस्तक इंग्रजीतलं. त्यात त्यांच्या नावापुढे एकच शब्द होता, पायरेट. म्हणजे आपल्या भाषेत चाचा! पायरेट म्हटल्यावर कॉमिक्समधला एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला, खांद्यावर पोपट बसवलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. इकडे सिंधुदुर्गात इंजिनीअरिंगला आल्यावर मात्र हे नाव वेगळ्याच आदराने कानावर पडू लागलं. विजयदुर्गच्या तटावर उभं राहिलं की तर प्रश्नच पडतो, की ज्याच्यावर इंग्रज, पोर्तुगीज आणि डच अशा तीन दर्यावर्दी सत्ता आळीपाळीने चालून आल्या आणि हात हलवत परत गेल्या, तो नुसता लुटारू कसा असेल? कंपनीला एका लुटारूसाठी एवढी जहाजं, एवढा दारूगोळा, एवढा पैसा खर्च करावा लागला असता का?

आपण इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. लढायांच्या सनावळ्या पाठ करणं आपल्याला जमत नाही (सेमिस्टरचे फॉर्म्युले पाठ होत नाहीत तिथे सनावळ्यांचं काय घेऊन बसलात!). पण कमी साधनांत, कमी पैशांत, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या यंत्रणेला तोंड देणारं काहीतरी कुणी उभं केलं असेल, तर ते कसं चालत होतं हे बघायला आपल्याला नक्की आवडेल. कान्होजींचं आरमार हे असंच प्रकरण आहे.

कान्होजींचा जन्म १६६९ सालचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे झालं. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. हर्णै म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळ. किनाऱ्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ हा पाण्यातला किल्ला आहे. म्हणजे ज्या वयात आपण कॅल्क्युलेटर हातात घेतो त्या वयात या मुलाच्या हातात वल्हं होतं, आणि भरती-ओहोटीचं टाइमटेबल त्याला घड्याळाशिवाय कळत होतं.

त्यांच्या लहानपणी स्वराज्याचं आरमार नवंनवं होतं. कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर तिथल्या खाडीत महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. १६६४ मध्ये आपल्या मालवणला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं आणि १६६७ पर्यंत तो उभा राहिला. १६७९ ला खांदेरी, त्यानंतर कुलाबा. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, मुंबईचे इंग्रज, सगळ्यांच्या नाकासमोर हे किल्ले होत होते. पण १६८० मध्ये महाराज गेले, १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, रायगड मोगलांकडे गेला, राजाराम महाराज जिंजीला. वर देशावर अशी धूळधाण चालू असताना खाली किनाऱ्यावरच्या किल्ल्यांकडे बघायला कोणाला वेळ होता? सुवर्णदुर्गाचा किल्लेदारच शत्रूला सामील व्हायला निघाला होता, आणि तरुण कान्होजींनी निष्ठावंत लोक गोळा करून किल्ला वाचवला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्टीतले बारकावे इतिहासकारांवर सोडू. पण त्या धामधुमीत कोकण किनाऱ्यावरची ठाणी राखणाऱ्यांत आणि परत मिळवणाऱ्यांत कान्होजी सर्वांत पुढे आले हे नक्की. सिधोजी गुजर हे आरमाराचे प्रमुख १६९८ मध्ये वारले आणि कान्होजी सरखेल झाले. वय एकोणतीस. सरखेल म्हणजे आजच्या भाषेत अ‍ॅडमिरल.

१७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी कारभार हातात घेतला. कान्होजी त्यांच्या बाजूने राहिले आणि मुंबईपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्याची राखण त्यांच्याकडे आली. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीच्या वारसाचं भांडण पेटलं. शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. कान्होजींनी काय करावं? त्यांनी पेशव्यांनाच कैद केलं! लोहगडही घेतला आणि सातारा आता फार लांब नाही अशी परिस्थिती आली. तेव्हा शाहूंनी श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद देऊन बोलणी करायला पाठवलं. दोघेही कोकणातले, एकमेकांना ओळखणारे. १७१३-१४ च्या सुमारास समेट झाला. पिंगळे सुटले, कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं आणि त्यांच्याकडे सरखेलीबरोबर सव्वीस किल्ले-ठाणी कायम झाली. त्यात विजयदुर्ग होता. मालवणचा सिंधुदुर्ग मात्र कोल्हापूरकरांकडे राहिला, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता मुख्य विषयाकडे येऊ, म्हणजे जहाजांकडे.

मोठं शिडाचं युद्धजहाज म्हणजे त्या काळचं हाय-टेक मशीन. इंग्रजांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून अर्ध्या जगावरून यायची. त्यांना खोल पाण्यात, वादळात टिकायचं होतं, सहा-सहा महिन्यांचं सामान न्यायचं होतं. म्हणून ती उंच, जड, पाण्यात खोल बुडणारी आणि बाजूंना तोफांच्या रांगा असलेली होती. तसलं एक जहाज समोरासमोर, भर समुद्रात आलं तर कान्होजींच्या कुठल्याही जहाजाचा निभाव लागणं कठीण. हे कान्होजींना पक्कं माहीत होतं, आणि माझ्या मते त्यांची खरी हुशारी इथेच आहे. त्यांनी इंग्रजांसारखी जहाजं बांधायची स्पर्धाच केली नाही.

त्यांच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकार होते, गुराब आणि गलबत. गुराब हे मोठं. दोन डोलकाठ्यांचं साधारण दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांचं तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पण मधल्या भागापासून नाळेकडे निमुळतं होत जाणारं. या निमुळत्या नाळेच्या मागे, थेट पुढे तोंड करून दोन मोठ्या तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या. बाकीच्या लहान तोफा बाजूंना. गंमत बघा, युरोपियन जहाजाची सगळी ताकद त्याच्या दोन कुशींत असते, म्हणजे मारा करायचा तर जहाज आडवं वळवावं लागतं. गुराबाची महत्त्वाची तोफ नाळेवर. शत्रूचा पाठलाग करता करताच ती डागता येते!

गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त सत्तर टन. दोन डोलकाठ्या, मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. तोफा सहा-आठ, त्याही हलक्या, दोन ते चार पौंडी. पण वल्ह्यांमुळे वारा पडला तरी हे ताशी चारेक मैलांनी चालायचं. आता आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, पहाटे मतलई वारा असतो, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, आणि मधल्या वेळात कधीकधी पानसुद्धा हलत नाही. असा वारा पडला की इंग्रजांचं प्रचंड जहाज जागच्या जागी लोळत बसायचं. सुकाणू आहे, शिडं आहेत, शंभर तोफांची दारू आहे, पण वळताच येत नाही! नेमक्या अशा वेळी खाडीतून गलबतं बाहेर पडायची, दोरखंड लावून गुराबांना ओढत आणायची आणि शत्रूच्या वरामाकडे, म्हणजे जिथे त्याच्या तोफा जवळजवळ नसतातच अशा मागच्या बाजूला नेऊन उभी करायची. पहिला मारा शिडांवर आणि डोलकाठ्यांवर. जहाज लुळं झालं की गलबतांवरची दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन चारी बाजूंनी वर चढायची. झालं!

याउलट प्रसंग बिकट दिसला तर? तर सरळ खाडीत पळ काढायचा. यात लाजायचं काही नव्हतं. गुराब-गलबतांचा पाण्यात बुडणारा भाग, ज्याला नेव्हल आर्किटेक्चरमध्ये ड्राफ्ट म्हणतात, तो कमी. त्यामुळे ती खाडीत आत खोलवर जायची आणि मागे लागलेलं इंग्रजी जहाज तोंडाशीच वाळूला लागायच्या भीतीने थांबायचं. आज छोट्या देशांची हवाईदलं याच तत्त्वावर चालतात. मोठ्या देशासारखे जगभर जाणारे बॉम्बर त्यांना परवडत नाहीत आणि नकोही असतात. स्वीडनने विगेन हे लढाऊ विमान असं बनवलं की रनवे उद्ध्वस्त झाला तरी ते रस्त्याच्या छोट्याशा तुकड्यावरून उडावं. स्वित्झर्लंडने डोंगर पोखरून आत विमानांची घरं केली. आपल्या घरच्या भूगोलात लपायचं, तिथूनच झडप घालायची आणि परत तिथेच शिरायचं. कोकणच्या खाड्या म्हणजे कान्होजींच्या डोंगरातल्या गुहा होत्या असं म्हणा ना.

आणि या जहाजांवरची माणसं? कोळी, भंडारी, गाबीत, दालदी... म्हणजे आज मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला ज्यांच्या होड्या आपण बघतो त्यांचेच पूर्वज. त्यांना खडक कुठे आहे, वाळूची पट्टी यंदा कुठे सरकली, हे नकाशा न बघता कळायचं. तोफा डागण्यासाठी मात्र कान्होजींनी युरोपियन गोलंदाजही पगारावर ठेवले होते. तोफा आणि चांगली दारू यांसाठी परक्यांवर अवलंबून राहावं लागणं, हा या आरमाराचा कच्चा दुवा होता आणि तो शेवटपर्यंत कच्चाच राहिला. कौतुकाच्या भरात हे विसरून चालणार नाही.

आता विजयदुर्ग. मालवणहून देवगडमार्गे गेलं की वाघोटण खाडीच्या मुखाशी हा किल्ला लागतो. मूळ बांधकाम शिलाहार राजा भोज (दुसरा) याच्या काळातलं, तिहेरी तटबंदी शिवाजी महाराजांनी केलेली. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रज याला घेरिया म्हणत. तीन बाजूंना समुद्र आणि मागे खाडी, इतकी खोल आत गेलेली की अख्खं आरमार तिच्यात दडवावं. पण इंजिनीअरिंगवाल्यांनी किल्ल्यापेक्षाही आवर्जून पाहावी अशी गोष्ट किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर खाडीत आहे, ती म्हणजे आंग्रेकालीन गोदी. खडक फोडून केलेली. लांबी साधारण १०९ मीटर, रुंदी ७० मीटर. चारशे-पाचशे टनांपर्यंतची जहाजं इथे बांधायची आणि दुरुस्त करायची सोय होती. पंप नाही, क्रेन नाही. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला पाणी उतरलं की काम करायचं. चंद्रच यांचा पंप! लाकडी जहाजाला कीड लागते, तळाला शिंपले चिकटतात, वेग कमी होतो. ज्याची गोदी घराजवळ त्याचं जहाज पुन्हा लवकर पाण्यात. इंग्रजांच्या युद्धनौकांना इंग्लंड किती लांब होतं याचा विचार केला की या गोदीची किंमत कळते.

किल्ल्याजवळ समुद्राच्या पाण्याखाली एक लांबच लांब भिंत आहे, आणि शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची असं इकडचे लोक अभिमानाने सांगतात. ती माणसाने बांधलेली की निसर्गाची, कोणाच्या काळातली, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. काही असो, गाईडच्या तोंडून ही कथा ऐकताना अंगावर काटा येतोच.

आता तो पायरेटचा मुद्दा. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. हा किनारा छत्रपतींचा, त्याची राखण माझ्याकडे, तेव्हा या पाण्यातून माल न्यायचा तर माझं दस्तक घ्या. दस्तक म्हणजे परवाना. फी भरा आणि खुशाल जा. परवाना नसेल तर जहाज जप्त. यात नवीन काही नव्हतं. पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून हिंदी महासागरात असले परवाने सक्तीने विकत होते आणि इंग्रजही आपले पास देत होते. म्हणजे पोर्तुगीजांनी केलं तर कायदा, कान्होजींनी केलं तर चाचेगिरी! इंग्रजांची अडचण अशी की कंपनीच्या झेंड्याखाली मुंबईचे अनेक व्यापारी, एवढंच काय खुद्द अधिकारी, स्वतःचा खासगी माल नेत. कान्होजी म्हणत की कंपनीच्या जहाजांचं बघू, पण या खासगी मालाला सूट कशी? भांडणाचं मूळ बऱ्याच अंशी इथे होतं.

तरीपण सगळंच चकचकीत करून सांगायचं कारण नाही. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची ‘अल्जेरीन’ ही सशस्त्र नौका पकडली. या लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन ठार झाला आणि त्याची तरुण बायको कैदी म्हणून कुलाब्यावर आली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला आणि नौकेला सोडण्यात आलं. त्या काळी सगळेच असं करत, इंग्रजही करत, हे खरं. पण नुकती विधवा झालेली एक मुलगी तीन-साडेतीन महिने परक्या किल्ल्यात पैशांची वाट बघत बसली होती, हेही खरंच. मला तरी या प्रसंगात विजय वगैरे काही दिसत नाही. या प्रकरणानंतर इंग्रजांनी कान्होजींशी तह केला आणि थोडी वर्षं शांततेत गेली.

१७१५ च्या अखेरीस मुंबईला चार्ल्स बून हा नवा गव्हर्नर आला आणि त्याने ठरवूनच टाकलं की आंग्र्यांना संपवायचं. त्याने मुंबईभोवतीच्या तटाचं काम नेटाने पुढे नेलं, नव्या युद्धनौका बांधल्या. १७१७ मध्ये विजयदुर्गावर स्वारी. इंग्रजांच्याच वृत्तांतांत आहे, की किनाऱ्यावरचे खडक शेवाळाने इतके निसरडे की सैनिकांना धड उभं राहता येईना, आणि शिड्या तटाच्या उंचीला पुरेनात. सिव्हिलवाल्यांनो, साइट सर्व्हे न करता एस्टिमेट काढलं की काय होतं बघा! नोव्हेंबर १७१८ मध्ये बून जातीने खांदेरीवर चालून गेला. मुंबई बंदराच्या अगदी तोंडावरचं हे बेट, तिथे कान्होजींचा झेंडा रोज दिसायचा, तो त्याला खुपत असणार. तीही स्वारी फसली.

मग १७२० मध्ये इंग्रजांनी खास विजयदुर्गासाठी एक मशीनच तयार केलं, ‘फ्राम’ नावाचं. सपाट तळाचा, जाड भिंतींचा, तरंगता तोफखाना. कल्पना चांगली होती. ड्राफ्ट कमी, म्हणजे उथळ पाण्यात किल्ल्याच्या जवळ जाता येणार, आणि भिंती जाड, म्हणजे किल्ल्यावरचे गोळे सोसता येणार. इंग्रजांनाही आता कळलं होतं की या किनाऱ्यावर त्यांच्या नेहमीच्या जहाजांचा उपयोग नाही. पण प्रत्यक्ष लढाईत त्याच्या तोफांची मांडणी अशी निघाली की उंचावरच्या तटापर्यंत मारा नीट पोहोचेचना. वॉल्टर ब्राऊन या त्यांच्या सेनापतीला स्वारी आवरती घ्यावी लागली. त्याच वर्षी इंग्रजांचं ‘शार्लट’ हे जहाज पकडून कान्होजींच्या लोकांनी विजयदुर्गात आणलं होतं, ते वेगळंच.

आता इंग्रजांनी लंडनहून मदत मागवली. कमोडोर मॅथ्यूज खुद्द इंग्लंडच्या राजाच्या आरमारातल्या चार युद्धनौका घेऊन आला. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय सामील झाला. डिसेंबर १७२१ मध्ये जवळपास सहा हजारांची संयुक्त फौज कुलाब्यावर, म्हणजे अलिबागला, चालून गेली. या एका लढाईवर आख्खा सिनेमा निघेल. हल्ला फिसकटला, इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांना दोष देऊ लागले, आणि एका मराठी घोडेस्वाराने खुद्द कमोडोर मॅथ्यूजच्या मांडीत भाला मारला! तेवढ्यात शाहूंनी पाठवलेले मराठी घोडदळ घेऊन पेशवे बाजीराव येऊन पोहोचले. पोर्तुगीजांनी वेळ ओळखली आणि जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी वेगळा तह करून मोकळे झाले. इंग्रज एकटे पडून मुंबईला परतले.

इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कुलाबा वाचला तो एकट्या जहाजांमुळे नाही. समुद्रावर आरमार, पाण्यात किल्ला आणि जमिनीवरून सातारची फौज, या तिघांनी मिळून तो वाचवला. १७१४ च्या समेटाची ही खरी कमाई.

१७२४ मध्ये डचांनी नशीब आजमावलं. सात मोठी युद्धजहाजं आणि दोन बॉम्बफेकी नौका घेऊन ते विजयदुर्गावर आले. निकाल तोच. त्याच वर्षी कान्होजींनी मुंबईचा नवा गव्हर्नर फिप्स याला पत्र लिहून समेटाची तयारी दाखवली. फिप्सने उत्तरात लूटमारीवरून लांबलचक उपदेश केला. त्यावर कान्होजींनी जे कळवलं त्याचा आशय असा, की दुसऱ्याचं आपल्याला मिळावं ही हाव कोणाला सुटलेली नाही, व्यापारी म्हणून आलेल्या तुमच्या कंपनीलाही नाही. शत्रूच्या दप्तरात जपून राहिलेलं हे पत्र वाचलं की पोपटवाल्या पायरेटचं चित्र पार पुसलं जातं. हा माणूस राज्याराज्यांतला व्यवहार, कायदा आणि त्यातला ढोंगीपणा, सगळं नीट ओळखून होता.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी अलिबागला वारले. वय साठीच्या आतबाहेर. म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा सगळी जहाजं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असतात. सरखेल म्हणून एकतीस वर्षं काढली आणि एवढ्या काळात त्यांचा एकही मोठा जलदुर्ग युरोपियनांना घेता आला नाही. अलिबागला त्यांची समाधी आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला बरं वाटत नाही. त्यांच्या मागे थोरले सेखोजी सरखेल झाले, पण चारच वर्षांत, १७३३ मध्ये, तेही गेले. मग भावाभावांत जुंपली. १७३५ मध्ये वाटणी झाली. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे. जे आरमार एक होतं म्हणून भारी होतं ते अर्धं अर्धं झालं. संभाजीनंतर १७४३ च्या सुमारास तुळाजी आले. तुळाजी बापासारखेच धाडसी. त्यांनी इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ हे मोठं जहाज पकडून विजयदुर्गात ठेवलं. पण त्यांचं पेशव्यांशी बिलकूल पटलं नाही. कान्होजींनी पेशव्यांना कैद केलं होतं खरं, पण वेळेवर समेटही केला होता. तुळाजींना ते साधलं नाही, आणि नानासाहेब पेशव्यांनाही धीर धरवला नाही. त्यांनी चक्क इंग्रजांना मदतीला बोलावलं.

१७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर सेव्हर्नड्रूग कॅसल म्हणून एक मनोरा आहे, तो याच जेम्सच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये त्याच्या बायकोने बांधला. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह (हो, पुढच्याच वर्षी प्लासी जिंकणारा तोच) विजयदुर्गावर आले. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती. सगळं आरमार खाडीत एकमेकांना बांधून उभं केलेलं होतं. एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला, आग लागली आणि बघता बघता सगळ्या गुराबा आणि गलबतं पेटली. कान्होजींच्या वेळी जहाजं खाडीत लपायची, पण ती पुन्हा बाहेर पडून झडप घालण्यासाठी. इथे ती बांधून ठेवलेली होती, बाहेरचा समुद्र मोठ्या जहाजांनी अडवलेला, मागची जमीन आपल्याच माणसांनी अडवलेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. इंग्रजांना दहाएक लाख रुपये मिळाले ते त्यांनी आपसात वाटून घेतले आणि किल्ला पेशव्यांना द्यायला महिनोन्‌महिने टाळाटाळ केली. तो बाणकोटच्या बदल्यात ऑक्टोबरमध्ये परत मिळाला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले.

त्यानंतर पेशव्यांनी विजयदुर्गालाच आपल्या आरमाराचं ठाणं केलं आणि आनंदराव धुळपांनी ते बरंच सावरलं. १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ हे जहाज पकडलं होतं. अलिबागची आंग्रे यांची गादी १८४० मध्ये इंग्रजांनी वारस नाही म्हणून खालसा केली. मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये आयएनएस आंग्रे हे नाव मिळालं, आणि खांदेरीला आता कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत कान्होजींचं बालपण गेलं तो सुवर्णदुर्ग आहे, बूनला खुपणारी खांदेरी आहे, आणि आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग व विजयदुर्ग आहेत. गिर्येच्या गोदीत मात्र बराच गाळ साचला आहे. आता तिथे लहान होड्याच तेवढ्या लागतात. बघायला जायचं असेल तर ओहोटीची वेळ विचारून जा, म्हणजे फोडलेला खडक नीट दिसतो.